आप्पांच्या स्प्लेंडरचा विमा

आप्पा गेले ११ जानेवारी २०२४ ला. त्यांची गाडी ३ मार्चपर्यंत पडवीत गोणपाटाखाली उभी होती. त्या रविवारी मी साइड कव्हर उघडलं, तेव्हा आत प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून ठेवलेले कागद मिळाले. आरसी, पीयूसी, गॅरेजची दोन बिलं आणि विम्याची पॉलिसी. पॉलिसीवर मुदत लिहिली होती २७ मार्च २०२४, मध्यरात्र. म्हणजे हातात चोवीस दिवस.

पुढच्या तीन महिन्यांत मी जे शिकले ते सगळं इथे लिहिते आहे. जुन्या गाडीला कुठला विमा घ्यायचा, एवढाच माझा प्रश्न होता. पण घरातलं माणूस गेल्यावर तो प्रश्न एकटा येत नाही. नाव बदलायचं, पासिंग वाढवायचं, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. मला कुणी क्रम सांगितला असता तर खूप बरं झालं असतं.

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी, जून २००९ ची, एमएच ११. आप्पा एसटीच्या कार्यशाळेत होते, त्यामुळे गाडीचं सगळं वेळच्या वेळी. मी कोरेगावात एका शाळेत लिपिक आहे आणि गाव तिथून पुढे. गिअरच्या गाडीचं लायसन्स माझ्याकडे २०१७ पासून आहे. दादा पुण्यात असतो, त्याला गाडी नको होती. आईला मात्र ती घरात हवी होती. तिच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी दर दीड-दोन महिन्यांनी साताऱ्याला जावं लागतं आणि आजवर ती आप्पांच्याच मागे बसून जायची.

४ मार्चला अर्धी रजा टाकून आधी ओळखीच्या एका एजंटाकडे गेले. त्यांनी गाडीचं वर्ष विचारलं आणि लगेच सांगितलं, "ताई, पंधरा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स कशाला? थर्ड पार्टी काढून टाका, नऊशेच्या आत काम. आणि वडिलांचा नो क्लेम बोनस तसाही नाव बदललं की संपला." थर्ड पार्टी म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा, आणि नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. त्यांचं म्हणणं मला पटलंही. भंगारात काय येईल त्या गाडीचं? पण पॉलिसीवर कंपनीच्या शाखेचा पत्ता होता आणि आप्पा दरवर्षी तिथेच जायचे, म्हणून म्हटलं जाऊन तरी येऊ.

शाखेत एक वयस्कर साहेब होते. त्यांनी पॉलिसी पाहिली, आप्पांचं नाव वाचलं आणि "कधी गेले?" एवढंच विचारलं. मग पॉलिसीच्या मागची बारीक छापलेली एक अट बोटाने दाखवली. विमेदार गेला तर पॉलिसी मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा तिची स्वतःची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर चालू राहते. तेवढ्या वेळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा स्वतःच्या नावाने नवी काढायची. सोबत मृत्यूचा दाखला, गाडी आपल्याकडे आल्याचा पुरावा आणि मूळ पॉलिसी. म्हणजे आमच्यासाठी २७ मार्च.

"मुदत गेली, तर मग आरटीओत नाव बदलायला चालू विमा लागेल, आणि विमा काढायला इथे नावाचा पुरावा लागेल. दोन्हीकडे हेलपाटे. त्याआधीच करा," ते म्हणाले. हे वाक्य माझ्या फार उपयोगी पडलं. तुमच्या घरात असं काही झालं असेल, तर पहिलं काम पॉलिसीची तारीख बघणं. आरसीची तारीख नंतर बघा.

नो क्लेम बोनसचंही त्यांनीच सांगितलं. गाडी विकली तर बोनस घेणाऱ्याला मिळत नाही, हे एजंटांचं बरोबर. पण मालक वारल्यावर गाडी नवरा-बायको, मुलं किंवा आईवडिलांकडे गेली, तर मालकाचा बोनस त्यांच्याकडे येतो. आप्पांचा बोनस ५० टक्के होता, म्हणजे सगळ्यात वरची पायरी. २०, २५, ३५, ४५ असं करत पाच वर्षं एकही क्लेम न घेता तिथे पोचता येतं. आणि मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर सगळा जातो.

८ मार्चला महाशिवरात्रीची सुट्टी. त्याआधी ७ तारखेला शंभर रुपयांच्या मुद्रांकावर मी वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि आई व दादाचं ना-हरकत करून घेतलं. दादाला त्यासाठी पुण्याहून यावं लागलं. नोटरी आणि टायपिंग धरून साडेसातशे रुपये गेले. आरटीओचा अर्ज म्हणजे नमुना ३१, तो परिवहनच्या संकेतस्थळावर भरला. मोटारसायकलच्या नावबदलाची मूळ फी १५० रुपये, वर स्मार्ट कार्ड आणि टपालाचा खर्च.

त्या अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिलचा ठसा लागतो. आमच्या गॅरेजवाल्या काकांनी कसा घ्यायचा ते फोनवर सांगितलं. हँडलच्या खाली, मानेवर नंबर कोरलेला असतो. तिथे ग्रीस आणि धुळीचा थर बसला होता. रॉकेलच्या फडक्याने पुसला, पातळ कागद लावला, दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबून धरला आणि पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासली. काळ्या पट्ट्यात एकेक अक्षर पांढरं उमटत गेलं. आई टॉर्च धरून उभी होती. कागद दोनदा सरकला, तिसऱ्यांदा नीट आला.

तो ठसा मी आरसीशी ताडून पाहिला, बरोबर होता. मग सहज पॉलिसीशी ताडला. पॉलिसीत एका ठिकाणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाईप झालेला होता. किती वर्षं तसाच छापून येत होता कोण जाणे. साहेबांना नंतर दाखवलं तेव्हा ते म्हणाले, चेसिस नंबरमध्ये ओ हे अक्षर वापरतच नाहीत, आय आणि क्यू पण नाहीत, नेमका हाच घोटाळा होऊ नये म्हणून. त्यांनी दुरुस्ती करून दिली, पैसे घेतले नाहीत. पण ही चूक क्लेमच्या वेळी सापडली असती तर किती धावपळ झाली असती, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्ही आजच आपल्या पॉलिसीवरचा नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून बघा.

१२ मार्चला साताऱ्यात आरटीओत कागद जमा केले. पॉलिसी चालू होती, पीयूसी ताजी काढलेली होती, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. पावती मिळाली. ती पावती, प्रतिज्ञापत्र आणि दाखला घेऊन १८ तारखेला विमा शाखेत. २० मार्चला पॉलिसी माझ्या नावावर झाल्याचा कागद हातात आला. त्याचे ५० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ५९.

आता उरला मूळ प्रश्न. पुढच्या वर्षासाठी घ्यायचं काय?

त्या दोन-तीन रात्री मी मोबाइलवर दर बघत बसले. एका ठिकाणी ८४३ रुपये दिसले आणि मला वाटलं, झालं. नीट पाहिलं तर तो निव्वळ थर्ड पार्टीचा आकडा होता. ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता सरकारने ठरवलेला आहे, जून २०२२ पासून ७१४ रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी हा आकडा तोच. तिथे घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. पण मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्या पानावर आपोआप वगळलेला होता. 'माझ्याकडे दुसरा असा विमा आहे' या चौकटीत आधीच बरोबरची खूण. माझ्याकडे बँकेतून वर्षाला २० रुपये जाणारा सुरक्षा विमा आहे, पण तो दोन लाखांचा. पंधरा लाखांचा दुसरा विमा असेल तरच ती खूण खरी. नसताना ठेवली तर आपणच खोटं लिहून दिल्यासारखं होतं.

दुसऱ्या एका ठिकाणी फुल पॅकेज, म्हणजे थर्ड पार्टीसोबत आपल्या गाडीचंही नुकसान धरणारा विमा, विचारलं तर गाडीचं वर्ष टाकताच नकार. तिसऱ्या ठिकाणी मिळत होतं, पण बोनस शून्य धरून. शिवाय यादीत हिरो होंडा आणि हिरो मोटोकॉर्प अशी दोन्ही नावं होती. २००९ ची गाडी म्हणजे हिरो होंडाच निवडायचं, आरसीवर जे आहे तेच. त्या कंपन्या वेगळ्या झाल्या त्यानंतर.

या सगळ्या आकड्यांनी माझं डोकं जड झालं होतं. २२ मार्चला शुक्रवारी पुन्हा शाखेत गेले आणि साहेबांना सरळ विचारलं, "तुमच्या मुलीची गाडी असती तर काय काढलं असतं?"

त्यांनी उलट विचारलं, "मागे कोण बसतं?"

मी म्हटलं, आई.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणीही सांगितलेलं नव्हतं. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत रस्त्यावरचा माणूस, समोरच्या गाडीतला माणूस, त्यांचं नुकसान हे सगळं येतं. मृत्यू किंवा जखमेसाठी न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल तिला मर्यादा नसते. मालमत्तेसाठी दुचाकीला एक लाखाची मर्यादा. पण आपल्याच मागे बसलेला माणूस त्या पॉलिसीत 'तिसरा पक्ष' धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा तसा निकाल आहे. पॅकेज पॉलिसीत मात्र मागे बसणारा येतो, आणि हे विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ मध्ये परिपत्रक काढून सगळ्या कंपन्यांना स्पष्ट केलेलं आहे.

मी गप्प झाले. इतके दिवस मी गाडीची किंमत मोजत होते. गाडी चौदा हजारांची आणि तिच्यावर माझी आई बसते, हा हिशेब मी मांडलाच नव्हता.

बिलांचा प्रश्नही मी त्यांना विचारला, कारण पिशवीत डिसेंबर २०२२ चं एक बिल होतं. आप्पा शेतातून येताना खडीवर घसरले होते, ते. व्हायजर ६८०, दोन इंडिकेटर २४०, हँडल ५२०, फूटरेस्टचा रॉड ३४०, मजुरी ३५०. एकूण २१३० रुपये. आप्पांनी क्लेम का घेतला नसेल? साहेबांनी पेनने बाजूला आकडे मांडले. प्लास्टिक आणि रबराला गाडी कितीही वर्षांची असो, ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट. धातूच्या भागांना दहा वर्षांच्या पुढे तेवढाच. मजुरीला घसारा नाही. म्हणजे ८९० आणि ३५०, बेरीज १२४०. त्यातून दुचाकीचे सक्तीचे १०० रुपये वजा. हाती ११४०, आणि बोनस शून्यावर. त्यासाठी सर्व्हेअर, दोन-तीन फेऱ्या, फोटो. आप्पांनी बिल भरून टाकलं होतं आणि बोनस जपला होता. तो आता माझ्या कामी येत होता.

म्हणजे जुन्या गाडीला पॅकेज घेताना खरचटण्याचे पैसे मिळतील म्हणून घेऊ नये. ते निम्मेच मिळतात. चोरी, पुरात वाहून जाणं, आग, मोठा अपघात आणि मागे बसणारा माणूस, यांच्यासाठी घ्यावं. झिरो डेप नावाची, घसारा न कापणारी जोड सुद्धा साधारण पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांना देतात, आमच्या गाडीला त्याचा विषयच नव्हता.

आयडीव्ही, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम, हिच्याबद्दल एक गोष्ट कळली ती सांगते. पाच वर्षांपर्यंत तिचं कोष्टक ठरलेलं असतं. त्यापुढे ती कंपनी आणि आपण मिळून ठरवायची असते. संगणकाने ११,००० दाखवले. मी आप्पांची मागची पॉलिसी पुढे केली, गाडी दारात उभी होती ती दाखवली, आणि १४,००० मागितले. साहेब बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, किक मारून आवाज ऐकला आणि हो म्हणाले. तीन हजार वाढवल्याने हप्ता वाढला सत्तावीस रुपये. तेव्हा गप्प बसू नका, बोला. मात्र उगाच फार फुगवूनही मागू नका, क्लेमच्या वेळी वाद होतात.

आकडे असे निघाले. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता २५२, बोनस वजा जाता १२६. थर्ड पार्टी ७१४. माझा स्वतःचा १५ लाखांचा अपघात विमा ३२०, हा आकडा कंपनीगणिक बदलतो. आणि मागे बसणाऱ्यासाठी एक लाखाचा वेगळा अपघात विमा, ७० रुपये. बेरीज १२३०, जीएसटीसह १४५१.

आईशिवाय, म्हणजे थर्ड पार्टी आणि माझा अपघात विमा एवढंच घेतलं असतं तर १२२० झाले असते. फरक २३१ रुपयांचा. वर्षाला.

एका जागी पन्नास रुपये वाचत होते. समोरच्याच्या मालमत्तेची मर्यादा एक लाखावरून ६,००० वर आणली तर तेवढी सूट मिळते. मी नाही म्हटलं. आमच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि नव्या कोऱ्या गाड्या दोन्ही असतात, सहा हजारांत आज दिवा पण येत नाही.

आणि अपघात विमा म्हणजे दवाखान्याचा खर्च नव्हे, हे लक्षात ठेवा. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच तो मिळतो. तोही आरसीवर ज्याचं नाव आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स, त्याच मालकाला. गाडी वडिलांच्या नावावर ठेवून मुलगी वर्षानुवर्षं चालवत राहिली, तर त्या पंधरा लाखांचा तिला काही उपयोग नाही. गावाकडे किती घरांत असं आहे! मी आमच्याच आळीत चार मोजली.

२३ ला चौथा शनिवार, २४ ला रविवार, २५ ला धुळवड. या तीन सुट्ट्या मी आधी कॅलेंडरवर पाहिल्या नव्हत्या. २६ मार्चला सकाळी साडेदहाला शाखेच्या दारात उभी होते. पैसे भरले, पॉलिसी छापून आली, चेसिस नंबर तिथेच उभ्याने ताडला. शून्य शून्यच होता. बाहेर येऊन गाडीला टेकले आणि मला रडू आलं. एवढे दिवस कागदांच्या मागे होते तर आलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. नवी आरसी १६ एप्रिलला टपालाने आली. गाडीची पंधरा वर्षं १४ जूनला भरत होती. पासिंगचा अर्ज, नमुना २५, मुदतीच्या आधी साठ दिवसांपासून करता येतो. उशीर केला तर मोटारसायकलला महिन्याला ३०० रुपये वाढत जातात. नूतनीकरणाची फी १,०००, पर्यावरण कर पाच वर्षांचा २,०००, वर तपासणी आणि कार्डाची फी. काकांनी ब्रेक शू, मागचा टायर आणि हॉर्न बदलून दिला, त्याचे २,४५०. २२ मे ला गाडी तपासणीला नेली. तिथेही चालू विमा मागितला, मी तो फाइलमधून काढून दिला. आता नोंदणी जून २०२९ पर्यंत आहे.

मार्च २०२५ चं नूतनीकरण वीस मिनिटांत झालं. आयडीव्ही १२,५०० वर आली, बाकी सगळं तेच ठेवलं. त्याच महिन्यात जादा सुरक्षेची नंबर प्लेट बसवली, दुचाकीची ५३१ रुपये.

संध्याकाळी नवी पॉलिसी पिशवीत घालत होते, तर आई चष्मा लावून आली आणि म्हणाली, "यात माझं नाव कुठंय?"

नाव नसतं, म्हटलं. मागे जो बसेल तो. दुसऱ्या पानावर मागे बसणाऱ्याची ओळ होती, एक व्यक्ती, एक लाख, सत्तर रुपये. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, आकडे वाचले आणि विचारलं, "मग तुझे आप्पा पण माझे पैसे भरत होते का?"

मी जुन्या पॉलिस्या काढल्या. पिशवीत चार वर्षांच्या होत्या. चारही वर्षं ती ओळ होती.

आईने चारही कागद पुन्हा घडीवर घडी घातले, रबरबँड लावला आणि पिशवी मला न देता स्वतःच जाऊन साइड कव्हरच्या आत ठेवून आली.